पंगतीची रेकॉर्ड

दादा,

तुमची ती इंग्रजी रेकॉर्ड परवा वाजली. मशीनवर नाही, मशीन तर कधीच भंगारात गेलं. नातीच्या मोबाईलवर वाजली. नात पुण्याहून चार दिवस आलीय, माझी ट्रंक आवरायला बसली, आणि माझ्या लग्नातल्या लुगड्याच्या घडीतून ती काळी तबकडी काढून म्हणाली, आजी, हे काय गं. मी म्हटलं, खाली ठेव, माझ्या बापानं, दादांनी दिलीय. तिनं मधला गोल कागद वाचला. तुम्हाला नि मला जन्मभर जो वाचता आला नाही तो तिनं एका दमात वाचला, मोबाईलवर दोन बोटं फिरवली, आणि माझ्या ओसरीत तो पोरगा ओरडायला लागला. मी शेंगा फोडत होते. हात तसाच राहिला.

आता पुढचं ऐका, तुम्हाला हसू येईल. आपल्या गावचा एक म्हातारा हल्ली लेकीकडं राहायला आलाय, येरमाळ्यातच, आमच्या शेजारी. ऐंशीच्या पुढं गेलाय. डॉक्टरनं दिलेलं कानातलं मशीन खिशात ठेवून हिंडतो, एरवी दारात ट्रक उलटला तरी मान वळवत नाही. तो काठी टेकत आला, उंबऱ्याशी थांबला आणि विचारलं, "पंगत कुणाकडं हाय गं?" नात पोट धरून हसली. मी हसले नाही लगेच. मी त्याला पाट दिला, गूळ-शेंगा दिल्या. म्हातारा बसला, खाल्ल्या, आणि रेकॉर्ड संपल्यावर उठून गेला. पाणीसुद्धा मागितलं नाही.

मग नातीला सगळं सांगावं लागलं. ते सांगताना वाटलं, हे तुम्हालाच सांगायचं राहिलंय. म्हणून तिचीच वही घेतली. चौथीपर्यंतचं अक्षर आहे, तुम्ही शाळेत घातलं तेवढंच. बारीकसारीक चुका सोडून द्या.

तुम्ही लग्नांत मशीन नि भोंगा लावायचा, त्यासाठी ती बार्शीच्या बाजारातून आणली होती. जुन्या रेकॉर्डींचा सुतळीनं बांधलेला गठ्ठा होता. कुणी मॅडम गाव सोडून जाताना सामान विकून गेली म्हणे, त्यातला. भजनाच्या दोन निघाल्या, लावणीची एक, बाकी सिनेमाच्या, आणि ही छोटी. आई म्हणाली, हिच्यावर पापड वाळवा. तुम्ही ती भोंगा तपासायला ठेवली. सुरुवातीला एकटी तार वाजते, झणझण करत, चार वेळा तेच. मग ढोल येतो, आणि मग तो पोरगा. त्या आवाजात भोंगा फाटला नाही तर कशातच फाटायचा नाही, असं तुम्ही म्हणायचा.

पंगतीला ती कशी आली ते नातीला खरंच वाटेना. लग्नात पहिली पंगत उठली, दुसऱ्यांनी बसावं, हे भोंग्यावरून कळवायची रीत तुम्ही पाडली. पण रेकॉर्ड कुठली लावायची यावरून दर गावात भांडण. अभंग लावला तर म्हातारे म्हणत, खरकट्यावर देवाचं नाव नको. सिनेमाचं लावलं तर पोरं नाचत आणि वाढप्यांना वाट मिळेना. आपलं भीमाचं गाणं तर त्या गल्ल्यांत वाजवायची सोयच नव्हती. मग तुम्ही ही लावली. "हिचं कुणाला काय कळत न्हाय, म्हून कुणी भांडत न्हाय," असं तुम्ही आईला सांगितलेलं मी ऐकलंय. दोन उन्हाळ्यांत आसपासच्या गावांना सवय झाली. तार वाजली की माणसं धोतर सावरून उठायची. तान्ही पोरं रडायची थांबायची. आपल्या वस्तीत तर कुणाच्या घरी चूल लवकर पेटली की पोरंच तोंडानं तार वाजवायची.

आणि ती वाजवणारे आपण शेवटी जेवायचो. हे मी नातीला जरा दबकतच सांगितलं. तिला पुस्तकातून माहीत आहे, पण माझ्या तोंडून ऐकताना तिनं मोबाईल खाली ठेवला. पहिली पंगत मानाची, दुसरी गावाची, तिसरी बायांची, मग वाढपी, मग गोठ्यामागं आपली वस्ती. ज्यानं सगळ्यांना बसा म्हणायचं, त्याला कुणी बसा म्हणत नव्हतं.

बहात्तरच्या दुष्काळातला तो उन्हाळा तुम्हाला मी काय सांगू. घरात रेशनवरच्या लाल मिलो ज्वारीच्या भाकरी, गिळताना घशाला ओरखडे काढणाऱ्या. हौदात पाणी नाही, रानात पान नाही, आणि रोजगार हमीच्या रस्त्यावर खडी फोडायला गेलं तरी तो रस्ता पुढं कुठं जातो ते कुणाला ठाऊक नव्हतं. कुठं जायचं म्हटलं तरी सगळीकडं तोच दुष्काळ. माणूस मडक्यात झाकून ठेवल्यासारखा. अशात सोसायटीच्या चेअरमनच्या मुलीचं लग्न निघालं. त्याच्या विहिरीला पाणी होतं. तेरखेड्याचं शोभेचं दारूकाम आणलं होतं. तीन दिवस आधीपासून गावाच्या नाकात बुंदीचा वास.

तुम्ही मला बरोबर नेलं, कारण रेकॉर्ड बदलायला माझ्याइतका हलका हात कुणाचा नव्हता. ते तुम्हीच म्हणायचा. मी अकरा वर्षांची. चेअरमनच्या वाड्यात मशीन कडब्याच्या खोलीत मांडलं. एक खिडकी, तिला गज. पोरं येऊन मशीन मोडतील म्हणून घरच्यांनी बाहेरून कडी घातली. पोरांसाठी घातली की आपण घरभर हिंडू नये म्हणून घातली, ते मला त्या वयातही कळत होतं. सकाळपासून दुपारपर्यंत मी त्या खोलीत. कडब्याची धूळ, बॅटरीचा आंबट वास, आणि गजांतून दिसणाऱ्या बुंदीच्या पराती. तुम्ही मधून मधून येऊन कडी काढत होता, पाणी देत होता, परत जाताना कडी घालत होता. तुमच्या हातानं घातलेली कडी जास्त वाजायची.

आणि मला आदल्या महिन्यातलं लग्न आठवत होतं. त्या लग्नात गोठ्यामागं आपली पानं मांडली तेव्हा भाताची खरवड राहिली होती आणि वरणाच्या नावाखाली पाणी. आईनं धाकट्याला ते पाणी पाजलं आणि बोट चाटायला दिलं. ह्याही लग्नाला वस्ती सगळी आली होती. गोठ्यापलीकडं ताटल्या घेऊन उन्हात बसली होती. आई धाकट्याला मांडीवर घेऊन. मला खिडकीतून तिचा पदर दिसत होता. एवढ्या दुष्काळात, एवढ्या गर्दीत, शेवटपर्यंत काय उरणार, याचा हिशेब अकरा वर्षांच्या पोरीलाही येतो.

अक्षतांची वेळ झाली. वाऱ्यानं भोंगा फिरला होता आणि चेअरमनला मंगलाष्टका शिवेपर्यंत ऐकू जायला हव्या होत्या. म्हणून तुम्ही कडुलिंबावर चढलात. मला सांगून गेलात, वरनं हात हलवला की माईकचं बटन फिरव. मी खिडकीतून तुम्हाला बघत होते. तुम्ही भोंगा फिरवत होता, एका हातात फांदी, एका हातात वायर. हात काही हलेना. आणि माझा हात रेकॉर्डकडं गेला.

तार वाजली, दादा. आख्ख्या मांडवाला एकदम मान वळवताना मी पहिल्यांदा बघितलं. नवरा-नवरी पाटावर, मध्ये आंतरपाट, भटजीचं तोंड उघडं, आणि माणसं हातातल्या अक्षता खिशात टाकून पानांकडं निघालेली. कुणी ठरवलं नाही, कुणी विचारलं नाही. पाय आपोआप निघाले. चेअरमनचा भाऊ ओरडत होता, "आरं बसू नका, आजून लागलं न्हाय," पण त्याचं ओरडणं त्या पोरापुढं कुठं टिकणार. कोणीतरी माझ्या दाराशी आलं, कडी काढली. मी आतून खिट्टी लावली होती. तीन मिनिटांची रेकॉर्ड. तीन मिनिटं मी त्या खोलीत होते आणि पहिल्यांदाच मी कोंडून घेतलेलं होतं, मला कुणी कोंडलेलं नव्हतं. दोन्हींत लई फरक आहे.

मध्ये ती अडकली. तुम्हाला माहीत आहे कुठं अडकायची ती, दुसऱ्यांदा तो ओरडतो त्याच्या पुढं, तिथं चरा होता. एकच शब्द पुन्हा पुन्हा. लोक थबकले. वाढपी थबकले. मी बोट लावून पिन पुढं ढकलली. तेवढ्यात गोठ्यापलीकडं आपली वस्तीही ओळीनं पंगत धरून बसली, कारण तिलाही तीच सवय. एकदा पानावर बसलेल्या माणसाला उठवायचं नाही, हे तर चेअरमनच्या आईनंच बाहेर येऊन सांगितलं. मग काय, परातीच्या पराती निघाल्या. वाढपी धावत होते, कुणाची पंगत कुठली ते बघायला कुणाला सवड नव्हती. गरम भात, गरम वरण, वांग्याची भाजी, बुंदी, इकडं आणि तिकडं एकाच वेळी.

उपाशी राहिलो आपण दोघंच. मी खोलीत, तुम्ही झाडावर.

चेअरमननं तुम्हाला खाली बोलावलं तेव्हा मी खिडकीतूनच ऐकलं. "कुणी लावली?" तुम्ही म्हणालात, "म्याच लावून गेल्तो जी, पिन सरकली आसंल." तो म्हणाला, "मग वायर का न्हाय उपसली? हातात तर व्हती." तुम्ही खाली मान घालून म्हणालात, "निघंना जी." भटजीनं दुसरा मुहूर्त काढला, लग्न लागलं, पण आपल्याला तिथून हाकललं. रस्त्यानं तुम्ही सायकल हातात धरलेली, भोंगा मागं बांधलेला. तुम्ही मला एकच प्रश्न विचारला, पिन पडली का तुझ्या हातून. मी व्हय म्हटलं. तुम्ही सायकल पुढं ढकलली आणि म्हणालात, "आजपास्नं मशीनला हात लावायचा न्हाय." ते मला माराहून जास्त लागलं. मागून आई आली धापा टाकत, पदराखाली पानात गुंडाळलेला भात. तो गरम होता अजून. ती म्हणाली, "खावा. आज आपल्या लोकांनी फुंकून फुंकून खाल्लं." तुम्ही हसलात का ते मला दिसलं नाही, तुम्ही पाठमोरे होता.

त्या साली कुणी आपल्याला लग्नाला बोलावलं नाही. मशीन पोत्यात गेलं, तुम्ही आणि आई खडी फोडायला, मी धाकट्याला सांभाळायला घरात. शाळा सुटली ती सुटलीच. मग चार वर्षांनी माझं लग्न, आणि तिथं तुम्ही स्वतः मशीन लावलंत. सगळ्यात आधी तीच रेकॉर्ड, आणि पंगत एकच, सगळी एकदम. मला वाटलं, माफ केलं. निघताना ती माझ्या लुगड्यात ठेवलीत. सासरी मशीन नव्हतं. सासू म्हणायची, बापानं पोरीला तवा दिला तोबी बिनकामाचा. सासर चांगलं होतं, तक्रार नाही, पण उंबऱ्यापलीकडं बघायचं म्हटलं तरी विचारावं लागायचं. अशा दिवसांत मी ट्रंक उघडून तिच्यावरून बोट फिरवायचे. चरा कुठं आहे ते अंधारातही सापडायचं. गाणं आत कोंडलेलं, मी बाहेर कोंडलेली.

नात म्हणते, ही गाणारी पोरं तेव्हा विशीतली होती, विलायतेतली, केस वाढवलेली. आता म्हातारी झाली, काही गेलीसुद्धा. पण जगभर अजून ऐकतात. तिच्या होस्टेलात एका खोलीत पाच मुली, स्पर्धा परीक्षेला तिसऱ्यांदा बसलेल्या, त्यासुद्धा ऐकतात. मी म्हटलं, ऐकणारच. तो पोरगा आतून दार वाजवतोय. दार उघडत नाही, रेकॉर्ड संपते, आणि परत लावली की परत पहिल्यापासून वाजवतो, तेवढ्याच जोरात. दमत नाही. माणूस तेच ऐकत राहतो. नात म्हणाली, अर्थ सांगू का गं त्या शब्दांचा? मी म्हटलं, नको बाई. पन्नास वर्षं त्याचा अर्थ "बसा, जेवा" असा आहे, आता म्हातारपणी बदलायचा नाही.

मोबाईलवर ती अडकत नाही, दादा. ती जागा आली की माझं बोट आपोआप वर उचललं गेलं, आणि गाणं सरळ पुढं निघून गेलं. नातीनं ते बोट बघितलं आणि मग तिनं विचारलं ते, जे चेअरमननं विचारलं होतं. आजी, पणजोबांच्या हातात वायर होती, तर त्यांनी ओढली का नाही?

पिन पडली नव्हती हे तुम्हाला कळलं असणार. पडलेली पिन अडकल्यावर अडकूनच राहते, तिला कुणी पुढं ढकलत नाही. तुम्ही वरून ऐकलंत आणि वायर धरून बसलात, असंच मी नातीला सांगितलं. असंच मी मला पन्नास वर्षं सांगत आलेय, आणि सासरचे कितीतरी दिवस त्यावर काढलेत. नात वही मागतेय आता, मी ही पानं फाडून ट्रंकेत ठेवते, रेकॉर्डपाशी.

पण एक कबूल करते. तुम्ही त्यानंतर बारा वर्षं होता, मी माहेरी येत होते, तुमच्या शेजारी बसून चहा पीत होते, आणि एकदाही विचारलं नाही. तुम्ही म्हणाला असता, आगं खरंच निघत नव्हती. म्हणून विचारलं नाही. अजूनही नका सांगू.