बाबांचा खडखडाट

प्रिय दादा,

पत्राला काहीतरी सुरुवात लागते म्हणून ‘प्रिय’ लिहिलंय, त्याचा फार अर्थ लावू नकोस. फोनच केला असता, पण फोनवर माझं पहिलं वाक्य संपायच्या आत तू ‘मुद्द्यावर ये’ म्हणतोस आणि मग मुद्दाही तूच सांगून मोकळा होतोस. कागदाला मध्येच तोडता येत नाही. त्यामुळे हे बसून, शेवटपर्यंत, स्वतः वाच. वहिनीच्या हातात देऊन ‘काय म्हणतेय ती, थोडक्यात सांग’ असं करू नकोस.

‘एका खेळण्यावरून तिनं घर डोक्यावर घेतलंय’ असं तू मावशीला म्हणालास. मावशीच्या पोटात काही राहत नाही, हे तुला इतक्या वर्षांत कळायला हवं होतं. तर त्या खेळण्याबद्दलच लिहिते. ते घेतलं तेव्हा तू दुकानात नव्हतास, बाहेर गाडीत बसून ऑफिसच्या कॉलवर होतास.

बाबांचं सगळं आयुष्य ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीत शिकाऊ माणसाच्या शेजारच्या सीटवर बसून बोलण्यात गेलं. ‘क्लच, क्लच! अहो, तो ब्रेक आहे!’ घरीसुद्धा तेच. गॅस मोठा राहिला तर आईला म्हणायचे, ‘गिअर बदल, इंजिन तापलं.’ आई चिडायची आणि हसायची. अशा माणसाचं स्वरयंत्र कॅन्सरमुळे काढावं लागलं. शुद्धीवर आल्यावर त्यांनी ओठ हलवले, आवाज आला नाही, आणि त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मीच काहीतरी बंद केलंय. पुढे केमोच्या औषधांनी बोटांची टोकं बधिर झाली. पेन हातातून निसटायचं, शर्टाचं बटण लागायचं नाही. तू तो चकचकीत टॅब आणलास, तेव्हा काचेवर बोट टेकलं की नाही हेच त्यांना कळायचं नाही. एक अक्षर पाच वेळा उमटायचं, नाहीतर एकदाही नाही. आणि तू डोक्यावर उभा राहून म्हणायचास, ‘बाबा, नीट दाबा ना. लहान मुलंसुद्धा वापरतात हे.’

मी दिवसभर सबटायटल्स टाइप करते, त्यामुळे कीबोर्डमधलं मला थोडं कळतं. म्हणून मी बाबांना कीबोर्डच्या त्या दुकानात नेलं. दुकानदारीणबाईंनी काउंटरवर चारपाच मेकॅनिकल कीबोर्ड मांडले. प्रत्येक बटणाखाली वेगळा स्विच आणि स्प्रिंग असते, बटण खरोखर खाली जातं आणि वर येतं, एवढं त्यांनी बाबांना समजावलं. लाल स्विच लोण्यासारखा जायचा. बाबांनी मान हलवली, काही कळत नाही. तपकिरी स्विच दाबताना मध्ये हलकासा अडथळा लागायचा. त्यावर ते जरा थांबले, डोळे मिटले, पुन्हा नकार. मग निळा. टक्! बाबांनी डोळे उघडले. पुन्हा टक्. बोटाला नाही कळलं तरी कानाला कळत होतं, मनगटाला धक्का कळत होता. बाई हसून म्हणाल्या, ‘काका, हा ऑफिसात वाजवलात तर लोक हाकलून देतील.’ बाबांनी एकेक अक्षर शोधत स्क्रीनवर लिहिलं, ‘मला ऑफिस नाही.’ ऑपरेशननंतर त्यांनी केलेला तो पहिला विनोद. तू गाडीतून हॉर्न वाजवत होतास.

तुझ्या घरी तो निळ्या स्विचचा कीबोर्ड टॅबला जोडून जेवणाच्या टेबलावर ठेवला. मी बटणांवर मोठी देवनागरी अक्षरं चिकटवली, स्क्रीनवर अक्षर चांगलं ठसठशीत केलं. आणि बाबा पुन्हा बोलायला लागले. हे मान्य आहे की ते फार बोलतात. आमटीत मीठ कमी आहे, बातम्या वाचणाऱ्याचा टाय वाकडा आहे, तू गाडी मागे घेताना आरसा बघत नाहीस. वहिनीनं मला सांगितलंय, ती पोळ्या लाटता लाटता वळून वाचायची आणि तिथल्या तिथे उत्तर द्यायची. तुझ्या कपाळावर मात्र आठ्या. तुझ्या कॉलवरच्या कुणीतरी विचारलं म्हणे, की तुमच्याकडे गारा पडतायत का. झालं! तेवढ्यानं तुझी अब्रू गेली.

मग तू सुरू केलंस. आधी बटणांच्या आत रबराच्या चकत्या. मग खाली जाड टॉवेल. मग ‘कॉल चालू असताना नाही’, आणि तुझे कॉल कधी चालू नसतात? शेवटी एक दिवस तो माळ्यावर गेला आणि टेबलावर आला पापडासारखा पातळ, मुका कीबोर्ड. ‘हा बघा बाबा, मॉडर्न, अजिबात आवाज नाही.’ ज्या माणसाला आवाज नाही, त्याला तू हे कौतुकानं सांगितलंस. त्यावर बाबांची बोटं पुन्हा आंधळी झाली. ‘पाणी’ लिहायला गेले की ‘पपपप’. थोडे दिवस प्रयत्न केला, मग हात मांडीवर ठेवून बसायला लागले.

ते मला कधी कळलं, सांगू? मावशीकडे सगळे जेवायला जमलो होतो तेव्हा. तू सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालास, ‘बाबांचा स्वभाव हल्ली किती निवळलाय, एक तक्रार नाही.’ बाबा तुझ्या शेजारीच बसले होते. त्यांनी ताटातला भात इकडचा तिकडे केला आणि तसाच ठेवला. मी विचारलं, जेवत का नाहीत, तर तू म्हणालास, ‘वय झालं, भूक कमी होते.’ मीही ते ऐकून घेतलं. घरी जाताना वहिनीनं मला जिन्यात गाठलं. कीबोर्ड माळ्यावर आहे, एवढंच ती म्हणाली आणि मागे वळून बघत खाली गेली. स्वतःच्या घरातली गोष्ट सांगायला तिला जिन्याचा आडोसा लागला, याचाही कधी विचार कर.

त्यानंतर दोनच दिवसांत जे झालं ते तुला माहीत आहे, पण तू ते वेगळं सांगतोस. तू म्हणतोस, ‘अचानक ताप आला आणि ॲडमिट करावं लागलं.’ अचानक काही नव्हतं. तपासणीला डॉक्टरांनी बाबांकडे बघून विचारलं होतं, गिळताना त्रास होतो का, आणि उत्तर तू दिलंस, ‘नाही, नाही, एकदम मजेत आहेत.’ घशाच्या आत जखम चिघळत होती. प्रत्येक घासाला त्यांना कळ येत होती आणि ते सांगायला त्यांच्याकडे काही नव्हतं. मी तो कीबोर्ड माळ्यावरून काढला आणि हॉस्पिटलात नेऊन त्यांच्या पलंगावरच्या टेबलावर ठेवला. त्यांनी पहिल्यांदा लिहिलं, ‘दुखतंय.’ मग, ‘खूप दिवस.’ तू दाराशी उभा होतास. तू नर्सला म्हणालास, ‘हा आवाज इतर पेशंटना चालेल का?’ दादा, हे मी मरेपर्यंत विसरणार नाही.

मी काही देवी नाही. आता ते माझ्याकडे आहेत आणि तो खडखडाट माझ्याही डोक्यात जातो. सकाळी चहाच्या आधी सुरू होतो. माझी सबटायटल्स वाचून ते चुका काढतात, आणि बहुतेक वेळा चूक नसतेच. परवा वैतागून मी त्यांच्या खोलीचं दार लोटून घेतलं, तर आतून स्पेसबार असा बडवला की शेजारीण विचारायला आली, सुतारकाम काढलंय का. ‘ळ’चं बटण बिस्किटाच्या चुऱ्यानं अडकत होतं. ते उपसून, ब्रशनं झाडून परत बसवलं, तोवर बाबांनी ‘ळ’ नसलेले शब्द वापरून माझी यथेच्छ टर उडवली. भांडतो आम्ही. ते लिहितात, मी ओरडते, ते आणखी जोरात लिहितात. पण काय दुखतंय ते मला त्याच दिवशी कळतं. त्यांना सांभाळून घेताना आपल्याला त्रास होतो हे तुझं म्हणणं खोटं नाहीच. खोटं हे आहे, की तू त्यांना गप्प केलंस आणि त्या गप्प बसण्याला ‘समाधान’ म्हणून सगळ्यांकडून पाठ थोपटून घेतलीस.

आता हे का लिहिलं, ते सांगते. हवापालट म्हणून बाबा इकडे आलेत आणि या रविवारी तू त्यांना न्यायला येणार, असं तू धरून चाललायस. ते येणार नाहीत. मी त्यांचे कान भरलेले नाहीत. उलट मीच दोनदोनदा विचारलं, नीट विचार करा म्हटलं, तिकडे तुमची खोली आहे, बाग आहे, वहिनी आहे. त्यांनी लिहिलं, ‘सूनबाईची आठवण येते. पण तिकडे मला कुणी विचारत नाही.’ मी म्हटलं, मग हे दादाला तुम्हीच लिहा, मी छापून पाठवते. त्यांनी कीबोर्ड जवळ ओढला. मग लिहिलं, ‘तो माझं वाचत नाही. तू लिही.’ म्हणून लिहिलं. त्यांचे उरलेले कपडे आणि जाड स्वेटर वहिनीकडे देऊन पाठव, तिला चार दिवस राहू दे. आणि तुला यायचं असलं, तर मी दार अडवणार नाही. पण त्यांना न्यायला येऊ नकोस. फोन बंद करून त्यांच्या शेजारी खुर्ची ओढून बस. ते हळू लिहितात, अक्षरं चुकतात, खोडून पुन्हा लिहितात. वाक्य पुरं होईपर्यंत थांबायचं. त्यांना तुला काय सांगायचं आहे, ते त्यांनी मला अजून सांगितलेलं नाही.

तुझीच, आणि सध्या तुझ्यावर भयंकर चिडलेली,
धाकटी