अकरा वर्षांचं 'फाल्यां'

सोम. ८ सप्टें.
मुळगावहून मालतीकाकींची काळी गाडी ट्रकवर चढवून धारगळला माझ्या गॅरेजात आणली. जुनी, गोल नाकाची. अकरा वर्षं छपराखाली उभी. काका आजारी पडले तेव्हापासून कुणी किल्ली फिरवली नाही. काका गेले, गाडी राहिली.
काकी एकाहत्तर वर्षांच्या. मुळगावात गाडी चालवणारी पहिली बाई मीच, असं स्वतःच सांगतात. 'दसऱ्याक हांव ती स्वता चलयत घरा व्हरतलीं.' लायसन्स पर्समधून काढून दाखवलं, नवं करून घेतलेलं.
पेडण्यातले दुसरे दोघे मेकॅनिक असल्या जुन्या गाडीला नको म्हणतात. मी हो म्हटलं. त्यांना जमत नाही म्हणून तर माझं चालतं.

गुरु. ११
टाकीतलं जुनं पे. काढलं. पेट्रोल कसलं, काकवी. टाकीचे बोल्ट गंजून बसलेत, म्हणून उतरवली नाही. जागेवरच नव्या पे.ने खंगाळली.
रबरी नळ्या हात लावताच तुटल्या. पंपाचा पडदा कडक, कार्बोरेटरचं गॅस्केट आक्रसलेलं. सगळं नवं घालायचं.
गाडीच्या पोटाला खाणीची तांबडी माती बोटभर. गॅरेजातल्या गाड्या धुणं दसऱ्याच्या तोंडावर, दरवर्षीसारखं. आत्ता कोण धुतो!

मंगळ. १६
दोन लिटर घातलं. चौथ्या प्रयत्नाला सुरू!! काय आवाज! शेजारचा चहावाला किटली तशीच घेऊन बघायला आला.
पण वास. सगळ्या सांध्यांवर खडूची पावडर मारली. कार्बोरेटरखाली ओली झाली. आतली सुई अडकून पे. वरून सांडत होतं. साफ केली.

शनि. २०
गाडीखाली दोन दिवस पेपर अंथरलेला. कोरडा ठणठणीत. अकरा वर्षं बसलेल्या गाडीची गळती पाच दिवसांत संपवली. 'माझ्या हातची गाडी गळत नाही' असं बोर्डावर लिहून घ्यावं म्हणतो.
सुनीताला, म्हणजे बायकोला, सांगितलं. तिचं उत्तर: 'आदीं धू. मागीर बोल.' नवऱ्याचं कौतुक हिच्या तोंडून निघेल तर शपथ.

मंगळ. ३०
धुतली. पोटाखालून पाईप मारून सगळी तांबडी माती काढली. काळा रंग असा उठला की स्वतःचं तोंड बघून केस विंचरले. टाकी अर्धी भरून ठेवली.

बुध. १ ऑक्टो., खंडेनवमी
सकाळी हत्यारं पूजेला मांडली. पान्यांना हळद-कुंकू, फुलं. आता उद्यापर्यंत हात लावायचा नाही.
उदबत्ती लावायला काडी ओढणार, तर वास. काडी खिशात टाकली. वाकून बघितलं. टाकीखालचा पेपर भिजलेला!
बोट फिरवलं. टाकीच्या पत्र्याला सुईएवढं भोक, आणि भोकाभोवती पांढरं, बुळबुळीत काहीतरी. सुनीताने हुंगलं. 'हो कपड्यांचो साबण.'
कळलं. कुणा भामट्याने भोकावर साबण घासून वेळ मारून नेली होती. साबण पेट्रोलला दाद देत नाही, पाण्याने जातो. वर खाणीची माती बसली, म्हणून दिसला नाही. मी धुतली आणि...
खाली बादली लावली. दुपारी काकी आल्या. मी त्या भामट्याचा सात पिढ्यांसकट उद्धार केला. काकी ऐकून घेत होत्या. मग म्हणाल्या, 'तो भामटो म्हज्या मुखार उबो आसा.'
मी?
'दिवचल्यांत, त्या पयल्या गॅरेजीत. तूं गाडयेपोंदा आशिल्लो. "काका, आतां घरा पावतली, फाल्यां हाडा, डाख मारून दितां." दुसऱ्या दिसा ह्यांकां हॉस्पिटलांत व्हेले. तुजें फाल्यां रावलें. म्हणूनच तुजेकडे हाडली.'
दिवचल म्हणजे डिचोली. तिथल्या गॅरेजात कामाला होतो तेव्हा दिवसाला दहा गाड्यांच्या पोटाखाली शिरायचो. माणसं वर, मी खाली. पण आठवलं. काकांच्या चपला आठवल्या, 'उद्या आणा' म्हटलेलं आठवलं. लाज वाटली, खोटं कशाला लिहू.
काकी म्हणाल्या, 'साबण लाव आनी दी. अकरा वर्सां धरलो न्हय तो!'
अकरा वर्षं! खरं तर त्यातली बहुतेक वर्षं टाकीत तळाशी चिखल तेवढा होता. पण छाती फुगायची ती फुगलीच.
साबणाला हत्यार लागत नाही. पूजाही मोडली नसती, दसराही साधला असता. नाही लावला. एकदा लावला तो पुरे. फूल बाजूला केलं, नमस्कार केला, पूजेतला पाना उचलला. संध्याकाळपर्यंत गंजलेले बोल्ट काढून टाकी उतरवली.

गुरु. २, दसरा
काकी नवी साडी नेसून आल्या. गाडीला हार घातला, स्टेअरिंगवर आपट्याचं पान ठेवलं. पाच मिनिटं आत बसल्या. मग बसने परत गेल्या. त्यापेक्षा शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

बुध. ८
टाकी पाण्याने चार वेळा धुऊन, वास पुरता गेल्यावर भोकावर ब्रेझिंग केलं. सोमवारी बसवली, काठोकाठ भरली. पेपर दोन दिवस कोरडा. डाख असा बसलाय की दागिना म्हणून मिरवावा.
आत्ता काकी आल्यात. वाकून पेपर बघितला, बोट फिरवून हुंगलं. किल्ली पुढे केली तर घेईनात. 'धुवन दाखय.'
म्हटलं, काकी, ऊन उतरलं, फाल्यां धुतों.
'फाल्यां नाका. आतां.'
धुऊन झाल्यावर खाली घालायला नवा पेपर काढून ठेवलाय. पाईप काकींनीच हातात घेतलाय. मी नळ सोडायला जातो.