हवा सोडून द्या, माताजी

७ फेब्रुवारी
शिकवणीचा पहिलाच दिवस आन माझं हसं झालं! निखिल सर फळ्यावर लिहून राहिले होते, वरून दगड टाकला तर किती सेकंदात पडते. म्हणे, "हवा को छोड़ दीजिए." मी म्हटलं, सर, हवा कावून सोडायची? कॅम्प-१ मधल्या घरापासून इथलोक वाऱ्यात पदर सांभाळता सांभाळता मी पडता पडता वाचली! पोरी खो-खो हसल्या. सर लाल. "परीक्षा में छोड़ दीजिए, माताजी."
माताजी! चोवीस वर्षांचं पोरगं!
दहावी झाली तर बालवाडीत मॅडम. नाही तर अकरा वर्षांपासून तिथं शिजवून राहिली, तेच खिचडी.
घरी यायले, नवऱ्याले, सांगतलं नाही. हसतील.

११ फेब्रुवारी
प्रयोग केला. यायचे दोन सारखे रुमाल घेतले. एकाचा घट्ट गोळा बांधला, दुसरा उघडाच. गच्चीवरून दोन्ही संगच सोडले. गोळा सरळ खाली — शेजारच्या रुक्माच्या डोक्यावर! "कोन हाय व?" उघडा रुमाल डुलत डुलत विजेच्या तारेवर जाऊन बसला. वजन तेवढंच, फरक हवेचा. समजलं!

१२ फेब्रुवारी
रुक्मानं रुमाल आणून दिला. यायच्याच हातात! मंग सगळं सांगावं लागलं. हसले नाही. लय वेळ पुस्तक चाळून राहिले. "घर्षण? अवो, मी चालवतो त्या क्रेनचा ब्रेक त्याच्यावरच तर लागते! मी शिकवतो तुले."

१५ फेब्रुवारी, रविवार
शिकवलं. धान्याची लोखंडी पेटी ओढली — हालेना. "हे घर्षण. आता पाह्य." फरशीवर खोबरेल तेल ओतलं, जोर लावला. पेटी जागच्या जागी, आन हेच आडवे! पडल्या पडल्या म्हणे, "पाह्यलं? ओढणाऱ्याच्या पायालेबी घर्षण लागते."
हे पुस्तकात कुठंच नाही.

१६ फेब्रुवारी
कंबर सुजली. ड्युटी बंद. हळद लावली.

८ एप्रिल
विज्ञानाचा पेपर. पॅराशूट हळू कावून उतरते? मी हवा सोडली नाही. पानभर लिहिलं.

२० जून
पास!! विज्ञानात एकावन्न. यायनं गल्लीभर पेढे वाटले. रुक्माले दोन.

२३ जून
यायचा शर्ट धुवाले काढला तर खिशात फॉर्म. दहावीचाच. नाव शालिकराम. शिक्षण — आठवी.
लग्नात सांगतलं होतं, पोरगा मॅट्रिक हाय. एकतीस वर्षं!
फॉर्म यायच्या उद्याच्या शर्टाच्या खिशात ठेवला. माझं पुस्तक त्यायच्या डब्याच्या थैलीत.