तिसऱ्या वर्षीचं उत्तर

प्रिय बाबा,

आमचं संशोधन चालवणाऱ्या डॉक्टर काल्लिओलांना तू लिहिलेलं पत्र मी वाचलं. त्यांनी ते टेबलावरून माझ्याकडे सरकवलं आणि मी वाचून संपेपर्यंत त्या खिडकीबाहेर बघत राहिल्या. अक्षर तुझंच आहे. मजकुराची मला खात्री नाही. तू लिहिलं आहेस की अपेंडिक्सचं ऑपरेशन झाल्याचं तू सात वर्षं लपवलंस, दर वर्षी फोनवर खोटं उत्तर दिलंस, आणि फोन करणाऱ्या बाईंनी मात्र प्रत्येक प्रश्न स्पष्ट, दोन-दोनदा विचारला, त्यांची यात काहीच चूक नाही. फोन करणाऱ्या बाई म्हणजे मी. उभ्या आयुष्यात तू आईच्या हातच्या माशाला ‘खाण्यासारखा झालाय’ यापलीकडे दाद दिली नाहीस. त्या माणसाने कुठल्याशा नर्सचं एवढं कौतुक करावं? तिथेच माझ्या मनात पाल चुकचुकली.

तुला ठाऊक नसलेलं आधी सांगते. मे महिन्यात तू तपासणीला येऊन गेलास. दहा वर्षांपूर्वी संशोधनासाठी ऑपरेशन की गोळ्या हे बंद पाकिटातल्या चिठ्ठीवर ठरायचं, आणि ज्यांच्या नावाच्या पाकिटातून गोळ्यांची चिठ्ठी निघाली होती, त्या सगळ्यांचं एमआरआय त्या महिन्यात झालं. तुझ्या पोटाच्या चित्रात अपेंडिक्स नव्हतं. माझ्या वहीत तुझ्या नावापुढे नऊ वर्षं ‘ऑपरेशन नाही’ लिहिलेलं होतं. मी आधी यंत्राला दोष दिला. मग यंत्र चालवणाऱ्या मुलीला, कारण त्या सकाळी तिने दोन म्हातारे लागोपाठ आत घेतले होते आणि तिचं लक्ष सारखं घड्याळाकडे होतं. मग तुला तपासणाऱ्या डॉक्टरचा कागद वाचला. पोटावर तीन लहान वण, रुग्णाच्या म्हणण्यानुसार मासेमारीचे हुक लागून. तो नवीन आहे, शहरातला आहे, त्याने तसंच लिहून घेतलं. तीन हुक, बाबा. आणि तिन्ही नेमके तिथेच, जिथून दुर्बीण घालतात.

मग मी डॉक्टर काल्लिओलांवर संशय घेतला. त्या दहा वर्षं सभांमधून सांगत आल्यात की अपेंडिक्स फुटलेलं नसेल, आत खडा नसेल, स्कॅनमध्ये सगळं साधं दिसत असेल, तर सुरी लावायची घाई नको. दहापैकी सहा जणांचं गोळ्यांवर भागतं. प्रत्येक ‘नाही’ त्यांच्या पारड्यात पडतं. म्हणून मला वाटलं, तुझं चित्र त्या बाजूला ठेवतील. त्यांनी ते सगळ्यांसमोर भिंतीवर लावलं. म्हणाल्या, एका ‘नाही’चं ‘हो’ झालं तर काही कोसळत नाही, पण ते ‘नाही’ लिहिलं कसं गेलं हे कळलं नाही, तर बाकीच्यांवर विश्वास कोणी ठेवायचा. बोलताना त्या माझ्याकडे बघत नव्हत्या, त्यावरूनच मी समजले. मी फोन केलेल्या एकशे चाळीस जणांची कागदपत्रं त्यांनी कपाटातून काढून नेली. आता दुसरी नर्स त्या सगळ्यांना पुन्हा फोन करते आहे. कॉफीच्या वेळी ती माझ्याशी फक्त हवेबद्दल बोलते. मी न ऐकलेलं एक अक्षर जरी लिहिलेलं सापडलं, तर या कामातून मी जाईन, आणि कदाचित नर्सच्या नोकरीतूनही.

तेवढ्यात तुझं पत्र आलं. वेळ फार बरोबर साधलीस. इथे काय चाललंय हे तुला कोणी कळवलं, याचाही मी विचार केला. बहुधा त्या नर्सनेच, पुन्हा फोन करताना. तिने नव्या आवाजात विचारलं असेल आणि तू लगेच ओळखलं असशील की जुना आवाज अडचणीत आहे.

आपण कधी उघड बोललो नाही, म्हणून आता लिहिते. तुझं नाव माझ्या यादीत चुकून आलं नव्हतं. आई जाऊन दोन वर्षं झाली होती. तू पोट धरून फेरीबोटीने आलास, स्कॅन झालं, पाकीट उघडलं, तीन दिवसांनी गोळ्या घेऊन घरी गेलास. मला यातलं काही कळवलं नाहीस. वर्षभराने फोन करायच्या नावांमध्ये मला तुझं ‘आर्मास’ दिसलं. घरच्या माणसाचं नाव दुसऱ्या नर्सला द्यायचं असा नियम आहे. माझं आडनाव अजून नवऱ्याचं, नवरा गेला तरी. कोणी विचारलं नाही, मीही सांगितलं नाही. मनाला सांगितलं की मला तुझ्यावर नजर ठेवायची आहे. तेव्हा मला पक्कं वाटत होतं की तू मुद्दामच गोळ्या घेतल्यास, पोटदुखीत वाट बघून काही बिघडत नाही हे मला दाखवायला. चिठ्ठी तुझ्या हातात नव्हती हे ठाऊक असूनही वाटत होतं. आईच्या दफनानंतर चर्चच्या हॉलमध्ये, सगळ्यांच्या हातात कप असताना, मी तुला म्हटलं होतं, “तू वाट बघत बसलास.” तू कप खाली ठेवलास आणि होडी बांधलीय का ते बघायला बाहेर गेलास. त्यानंतर आपण बोललो नव्हतो.

पहिल्या फोनवर मी इस्पितळाचं नाव सांगितलं, ‘आपण’ म्हटलं, आणि कागदावर छापलेलं पहिलं वाक्य वाचलं. तू रेडिओ बंद केलास. मग म्हणालास, “विचारा.” मला कधी तू ‘विचारा’ म्हटलं नव्हतंस. अकरा प्रश्न, सहा मिनिटं. नवव्या प्रश्नात, आयुष्य कसं चाललंय त्याला शून्य ते दहा किती गुण द्याल, यावर तू म्हणालास, वारा कुठला आहे त्यावर ठरेल. मी सात लिहिले. दुसऱ्या वर्षी तू मध्येच सांगितलंस की शेजारीण सिल्याने कुत्रा आणलाय आणि तो सिल्यापेक्षा कमी भुंकतो. त्यासाठी कागदावर रकाना नव्हता. दहाव्या प्रश्नापासून मी हळू वाचायला लागले, आणि तूही उत्तराआधी खोकायला लागलास.

मागच्या आठवड्यात मी सिल्याला फोन केला. तुझ्या पाठीमागे केला, हेही लिहून टाकते. तिने फार आढेवेढे न घेता सांगितलं. गोळ्यांनंतरच्या तिसऱ्या उन्हाळ्यात तू स्वीडनला तौनोकाकाकडे गेलास आणि ठरल्यापेक्षा बारा दिवस उशिरा परत आलास. महिनाभर बादली उचलली नाहीस, पाठ धरलीय म्हणालास, तिने तुझे बटाटे काढून दिले. म्हणजे ऑपरेशन खरं, आणि तिकडचं, म्हणून आपल्या फिनलंडच्या कागदांत त्याची नोंद नाही. मग तिने न विचारता आणखी एक सांगितलं. नोव्हेंबरात एक दिवस तू जाळी टाकायला जात नाहीस. सकाळीच सदरा इस्त्री करतोस, रेडिओ बंद ठेवतोस, तिलाही घरात घेत नाहीस. “मला वाटायचं बँकेचा फोन असेल,” सिल्या म्हणाली, “पण बँकेसाठी सदरा कोण घालतं?”

मी फोन ठेवला आणि कागदावरचं पहिलं वाक्य काढून पुन्हा वाचलं. इतक्या वेळा मोठ्याने वाचलंय, पण कधी ऐकलं नव्हतं. ‘मधल्या काळात आपलं अपेंडिक्सचं ऑपरेशन झालं असल्यास आपला सहभाग इथे संपतो, यापुढे आम्ही आपल्याला त्रास देणार नाही.’ हे मी तुला नऊ वेळा ऐकवलं आणि प्रत्येक वेळी उत्तरासाठी थांबले. तुला त्रास हवा होता, असा आता माझा संशय आहे. तू कबूल करणार नाहीस, करूही नकोस.

पण तुझ्या पत्रातलं खोटं ते नाही. खोटं माझ्याबद्दलचं आहे. तिसऱ्या वर्षी, सातवा प्रश्न, वाकताना किंवा वजन उचलताना दुखतं का. तू म्हणालास, “टाक्यांपाशी जरा ओढतं.” आणि एकदम थांबलास. मागे तुझ्या चुलीतलं लाकूड तडकलेलं मला ऐकू आलं. मी नऊ वर्षं ऑपरेशन थिएटरमध्ये काढलीत, टाके कशाला म्हणतात ते मला समजावून सांगावं लागत नाही. मी फक्त एवढंच विचारायला हवं होतं, कसले टाके? मग ऑपरेशनच्या ‘हो’वर खूण करायची होती, आभार मानायचे होते, आणि तो शेवटचा फोन ठरला असता. तू हळूच म्हणालास, “पुढचा?” मी सातव्यापुढे ‘नाही’ लिहिलं आणि आठवा प्रश्न विचारला. दोनदा मी काहीच विचारलं नाही. त्या वर्षी तू लपवून ठेवू शकला नाहीस, तुझ्या तोंडून निसटलं होतं, आणि ते मी पुसलं. हे तुला तेव्हाही कळलं होतं. तरी तू सगळं स्वतःच्या अंगावर घेऊन पत्र टाकलंस, पाकिटावर दोन जास्तीची तिकिटं लावून.

हे तू पहिल्यांदा करत नाहीस, असा मला बारा वर्षांपासून संशय आहे, आणि म्हणून हे पत्र. आईचं दुखायला लागलं त्या शुक्रवारी संध्याकाळी आठच्या सुमारास तिने मला फोन केला होता. बेंबीभोवती दुखतंय म्हणाली. मी विचारलं, उलटी झाली का? एकदा, म्हणाली. आमच्या वॉर्डात तेव्हा पोटाची साथ होती. मी सांगितलं की साथीचंच आहे, पाणी पी, पडून राहा, सकाळी बघू. ती म्हणाली, “आता जरा खाली उजवीकडे सरकल्यासारखं वाटतंय गं.” मी घाईत होते. म्हटलं, “आई, सकाळी.” दुखणं कुठे सुरू झालं आणि नंतर कुठे गेलं, हा आमच्या कागदावरचा चौथा प्रश्न आहे. एकशे चाळीस जणांना मी तो विचारलाय. सकाळपर्यंत तिचं फुटलं होतं, नवव्या दिवशी ती गेली, आणि चर्चच्या हॉलमध्ये मी तुझ्याकडे बोट दाखवलं. तू म्हणू शकला असतास की नर्स मुलीनेच थांबायला सांगितलं होतं. तू होडी बघायला गेलास. आपल्या घरातला फोन स्वयंपाकघराच्या भिंतीवर आहे, आणि आठ वाजता तू तिथेच चुलीपाशी बसून जाळी दुरुस्त करतोस. सोमवारी मी डॉक्टर काल्लिओलांना सांगणार आहे की तू माझा बाप आहेस आणि तिसऱ्या वर्षीचं ‘नाही’ माझं आहे. त्यांच्याकडचं तुझं पत्र तू परत मागव. माझा दोष दुसऱ्यांदा स्वतःवर घेऊ नकोस. त्याआधी, शनिवारी एकच्या फेरीबोटीने मी येते. सदरा घालू नकोस. मला एकच विचारायचंय, कागदावर नसलेलं. त्या शुक्रवारी आई माझ्याशी फोनवर बोलत होती तेव्हा तू तिथे होतास का?

तुझीच,
तेर्ही