ह्यांचा चाकू कडक झालाय

१३ एप्रिल, रविवार. दुपार.

मृणालिनी, मी सांगते ते लिही, आणि लिहून झालं की विसर. विसरायला तुला वेगळं सांगावं लागत नाही म्हणा. चष्मा डोक्यावर ठेवून काल घरभर चष्मा शोधलास. मला अक्षर येत नाही म्हणून वही तुझ्या हातात, नाहीतर कुठली सासू सुनेकडून रोजनिशी लिहून घेते? मंडळातल्या शांताबाई म्हणतात यात धोका आहे. मला नाही वाटत. तू बँकेत तीस वर्षं काढलीस. तुझ्या हातून कागदावर जातं ते डोक्याला शिवत नाही.

आज चारकोपच्या बागेत चाकू मंडळ भरलं. घडीचे, खिशातले, जुन्या पोलादाचे चाकू. स्टेनलेस आणणाऱ्याला आमच्यात चहा मिळत नाही. पूर्वी अकरा चाकू होते, आता पाच. हे गेले तेव्हा मंडळानं ह्यांची जागा मला दिली. ह्यांचा चाकू म्हणजे शिंगाची मूठ, पितळेची टोकं आणि गावच्या लोहाराचं पातं. गिरणीत तीस वर्षं सूत कापलं त्यानं.

बातमी चांगली: ११ मेला आंब्याचा रविवार. वर्षाचा पहिला आंबा एकाच चाकूनं कापायचा आणि यंदा पाळी ह्यांच्या चाकूची.

दुसरी बातमी: आज चाकू उघडला नाही. पात्यावरच्या खाचेत अंगठ्याचं नख घातलं, ओढलं. हलेना. चाकू कडक झालाय. हवेमुळे. मी म्हटलं आज माझा निर्जळी उपास आहे, चिकू शांताबाईंना कापू दे. मग उपास म्हणून चिकूही खाता आला नाही.

निश्चय: महिन्याभरात चाकू सैल करायचा.

१४ एप्रिल. सकाळी सात.

खोबरेल तेल सोडलं. थोडं वहीवर सांडलं. असू दे, पानाला चकाकी आली.

तेल मुरेपर्यंत मंडळाचे नियम लिहून ठेव. म्हातारी माणसं आहेत सगळी, विसरतात.

एक. आपला चाकू आपल्या नखानं उघडायचा. नाणं, दात, पक्कड चालणार नाही.

दोन. ज्यानं उघडला त्यानंच मिटायचा. दुसऱ्यानं उघडलेला मिटला की दोघांत भांडण ठरलेलं. ह्यांनी एकदा नंदकुमारचा चाकू चुकून मिटला, तर दोघं आठ महिने बोलत नव्हते. मी ह्याची साक्षीदार आहे. आठही महिने हे घरातच बसून माझं डोकं खात होते.

तीन. ज्याला उघडता येईना, त्यानं चाकू घरातल्या पुढच्या माणसाला द्यायचा आणि आपण दर रविवारी फळं आणायची. नाहूरचे भाऊ दिवाळीपासून फळं आणतात. दर वेळी केळीच. नंदकुमार वैतागतो, कापायला लागेल असं काहीतरी आणा हो. भाऊंच्या डोक्यात येत नाही. चाकू गेला की माणूस असा होतो.

१७ एप्रिल.

तेलाचा उपयोग नाही. लोणच्याची बरणीसुद्धा कडक झालीय. खोकल्याच्या औषधाचं झाकण त्याहून. हल्ली वस्तू माणसांसाठी करतच नाहीत.

२० एप्रिल, रविवार.

चाकू नंदकुमारला दाखवला. तो टूलरूममधून रिटायर झालाय, खिशात भिंग घेऊन फिरतो. आपल्या मोतीबिंदूची हकिगत सांगता सांगता त्यानं माझा चाकू दहा वेळा उघडला आणि दहा वेळा मिटला. खट्ट, खट्ट. म्हणाला, लोण्यासारखा चालतोय की वहिनी.

पुरुषाचं नख. नारळ सोलतील असली नखं.

शांताबाईंनीही उघडला. त्या खारदांड्याच्या, ब्याऐंशीच्या, माझ्याहून मोठ्या. पण त्यांनी जन्मभर मासळी साफ केली, त्यांचा हिशेब वेगळा. माझं वय शहात्तर. कागदावर एकोणऐंशी आहे ते माझ्या आईनं सांगितलेलं, आणि आईला मोजता येत नव्हतं.

२३ एप्रिल.

दोष सापडला. चाकूचा नाही, नखाचा. आखूड आहे. वाढवायचं ठरवलं. मृणालिनीचं नेलपॉलिश तीन थर लावलं, कडक व्हावं म्हणून. रंग किरमिजी. राजेशनं आईचा अंगठा बघितला आणि काही न बोलता ऑफिसला गेला. मुलगा समजूतदार आहे.

२९ एप्रिल.

नख झकास वाढलं होतं. आज शेवग्याच्या शेंगा सोलताना तुटलं. शेंगा जून होत्या.

३० एप्रिल.

राजेश डॉक्टरकडे घेऊन गेला. डॉक्टर म्हणाला अंगठ्याचा सांधा झिजलाय, आता जोर लावायचा नाही. डॉक्टर पोरगा चांगला आहे, पण चाकूतलं त्याला काही कळत नाही. मी विचारलं तुमच्याकडे कुठला चाकू आहे, तर म्हणाला ऑपरेशनचा. तो घडीचा नसतो.

४ मे, रविवार.

मंडळाला गेले नाही. नंदकुमारला फोनवर सांगितलं पाहुणे आलेत. पाहुणे म्हणजे हापूसची पेटी. माझा धाकटा भाऊ धोंडू दरवर्षी देवगडहून पाठवतो. पुढच्या रविवारपर्यंत पिकेल.

सोफ्यावर बसून प्रॅक्टिस. वीस वेळा. वीसही वेळा हवा दमट.

८ मे. दुपारी चार.

महत्त्वाची नोंद.

पेटीवरची सुतळी सुटत नव्हती. मृणालिनीनं फोन कानाला आणि खांद्याला धरून माझ्या मांडीवरचा चाकू उचलला, नखानं खट्ट उघडला, सुतळी कापली, खट्ट मिटला, परत मांडीवर ठेवला. फोनवर बोलायची थांबलीसुद्धा नाही.

उघडणारच. महिनाभर सैल कोणी केला?

यावरून एक गोष्ट सुचली. रविवारी सकाळी हिलाच म्हणायचं, बघ गो जरा, कडक लागतो का. ही उघडणार. मी तसाच उघडा टॉवेलात गुंडाळून बागेत नेणार. तिथं टॉवेल बाजूला केला की चाकू तयार. कोण विचारतंय कधी उघडला? नियमाला धक्का नाही, आंब्याला धक्का नाही.

लिहिलंस? बरं. विसर आता.

११ मे, रविवार. सकाळी सात.

उघडला तिनं. टॉवेलात ठेवला. तिला संशय नाही. अकरा वाजता रिक्षा घेऊन मला न्यायला ये म्हटलंय.

११ मे. दुपारी दोन.

आधी चांगलं ते लिही. आंबा मी असा कापला की कोयीला गर राहिला नाही. शांताबाई ह्यांचं नाव घेऊन म्हणाल्या, दत्तारामच्या हाताची आठवण झाली बाय. पात्यावर रसाचा निळसर काळा डाग चढला, तो जुन्या पोलादाचा मान, सगळ्यांनी चाकू हातात घेऊन बघितला. नंदकुमारनं भिंग काढलं. हे असते तर त्या भिंगावरूनच मंडळाला अर्धा तास सुनावलं असतं.

मग नंदकुमार म्हणाला, "वहिनी, मिटा आता."

आणि मला नियम दोन आठवला.

मिटायला नख लागत नाही. नुसतं दाबायचं. मला सहज आलं असतं. पण उघडला होता मृणालिनीनं. तिनं उघडलेला मी मिटला की आमच्यात भांडण. रोजचं होतं ते वेगळं, ते दोघींना लागतं. पण चाकूचं भांडण आठ महिने चालतं, आणि या वयात आठ महिने सुनेशी अबोला धरला तर माझी वही कोण लिहील?

म्हटलं, जरा वाळू दे पातं.

पुसून दिलं शांताबाईंनी. म्हटलं, आणखी एक आंबा कापते. कापला. तिसराही कापला. पेटीतले पिकलेले संपले. चहा आला, गेला. चौघं माझ्याकडे बघत बसले आणि मी उघडा चाकू धरून, देवळाबाहेर दुसऱ्याची चप्पल सांभाळत बसावं तशी.

अकराला मृणालिनी आली. "चला आई, रिक्षा थांबलीय." माझ्या हातात चाकू बघितला, काढून घेतला, आपल्या रुमालाला पुसला आणि खट्ट मिटला.

कोणी मिटला ते सगळ्यांनी पाहिलं, म्हणजे कोणी उघडला तेही कळलं.

नंदकुमारनं बाकावरची आपली पिशवी उचलून जागा केली. मला वाटलं माझ्यासाठी. त्यानं मृणालिनीला विचारलं, "बसा. तेल कुठलं वापरता?"

रिक्षा वीस मिनिटं थांबली.

१२ मे.

मृणालिनीचं म्हणणं, तिला मिटायचा नियम माहीतच नव्हता. मला वाचता येत नाही, पण तेलाचा डाग दिसतो. वही घेतली, ते पान काढलं, तिच्यापुढे धरलं. म्हटलं वाच. तिनं नियम दोन न अडखळता म्हणून दाखवला. चष्मा डोक्यावरच होता.

म्हणाली, "अय्या, विसरलेच होते."

हे लिहिताना हसू नको. अक्षर हलतं.

१८ मे, रविवार. दुपार.

मी चाकू दिलेला नाही. तो मृणालिनीच्या पर्समध्ये असतो, एवढंच.

आज तिनं पपई कापली. नंदकुमारनं मुद्दाम आणली होती. फोडी एकसारख्या, बिया वेगळ्या. त्यानं मान डोलावली. माझ्या आंब्याला भिंग लावून बघणारा माणूस.

मी फळं आणणाऱ्यांच्या बाकावर बसले. सावली तिकडे जास्त आहे, मला आधीपासून तोच बाक आवडायचा. भाऊंनी केळं सोललं, अर्धं मला दिलं आणि पपईकडे बघून डोळा मिचकावला. दर रविवारी केळीच का आणतात ते मला आज कळलं. भाऊंच्या डोक्यात सगळं येतं.

पुढच्या रविवारची फळं माझ्याकडे.

तेव्हा मृणालिनी, लिही, आणि एवढं मात्र विसरू नको. धोंडूला फोन लाव आणि सांग, हापूस यंदा पुरे झाला. रायवळ पाठव. टोपलीभर, बारके, पिकून मऊ झालेले, चोखायचे. चाकू लावायला गेलं तर नुसता रस कोपरापर्यंत येतो, ते.