दोन रिंगा

सोमवार, ४

आज ही वही उघडली, कारण चीफ पायलटनी मला चौकशी समितीवर घेतलं. ज्या चुकीची चौकशी करायची, ती माझी आहे. कुणाला सांगता येत नाही, म्हणून इथे.

सरळ लिहिते. गेल्या महिन्याच्या एकवीस तारखेला मी स्टँडबायवर होते. म्हणजे घरीच बसायचं, पण गणवेश इस्त्री करून दारामागे, बॅग भरलेली, फोन हाताशी. कुणी वैमानिक आजारी पडला की शेड्यूलिंगकडून बोलावणं येतं. यादीत ज्याचं नाव आधी, त्याला आधी. त्या दिवशी पहिलं नाव माझं. दुसरं शिडीचं – सहा फूट तीन इंच, म्हणून सगळे त्याला शिडी म्हणतात. त्याच्या बायकोला नववा लागलेला.

शेड्यूलिंगचा फोन रेकॉर्ड होतो. तो चुकवला तर आपल्या नावावर नोंद. म्हणून तिथली मुलगी आधी स्वतःच्या मोबाइलवरून दोन रिंगा देते आणि ठेवून देते. जायचं असेल तर आपण उलट फोन करायचा. नाही केला, तर ती आपलं नाव गाळून पुढच्याला लावते. यादी तपासायला कुणी बसत नाही. नियमात हे अजिबात बसत नाही, आणि ठाऊक मात्र सगळ्यांना! या दोन रिंगांवरून मी लोकांना किती बोलले आहे. 'फुकटचा पगार खाता' म्हणाले आहे – तोंडावर.

११ वाजून ४२ मिनिटांनी दोन रिंगा आल्या. मी आरशासमोर. डोक्यावर केसांचा रंग थापलेला, खांद्यावर जुना टॉवेल. रंग मुरायला अजून वीस मिनिटं. फोनकडे पाहिलं आणि कंगवा उचलला.

एवढंच कारण!

यादीत तिसरं नाव नव्हतं, म्हणून शिडीला थेट रेकॉर्डवरचा फोन गेला आणि तो निघाला. तिकडे विमान बिघडलं, दोन दिवस अडकला. बायकोला त्याच संध्याकाळी कळा सुरू झाल्या. टॅक्सी बोलावून एकटी गेली. ऑपरेशनच्या कागदावर स्वतःच सही केली. मुलगी झाली. आठ दिवस काचेच्या पेटीत होती, आता बरी आहे. बापाने तिसऱ्या दिवशी पाहिली.

मंगळवार, ५

केसांचा रंग छान बसलाय म्हणे. ऑफिसात तिघींनी सांगितलं.

गुरुवार, ७

समिती बसली. चीफ, पर्सोनेलचे साहेब आणि मी. लांब टेबल, पाण्याच्या तीन बाटल्या. समोरच्या खुर्चीपुढे बाटली नव्हती. शेड्यूलिंगची मुलगी तिथे बसली, हात मांडीवर.

"नजर चुकली, सर. वरची ओळ सुटली."

मग प्रश्न विचारायची पाळी माझी. विचारला! "पहिलंच नाव आहे. पहिली ओळ सुटते कशी?" माझा तो नेहमीचा आवाज – प्रशिक्षणार्थींना घाम फोडणारा. तिने एकदाच वर पाहिलं. "सुटली, मॅडम."

शिडीला आत बोलावलं. तो बसला नाही. "मुलगी झाल्याचं मला कॉफीच्या यंत्रासमोर कळलं. मेसेजवर! एका हातात रिकामा कप." मग माझ्याकडे वळून, "कॅप्टन, तुम्हाला फोन लागला असता तर तुम्ही निघालाच असता. म्हणून तर जास्त चीड येते."

मी पाणी प्यायले. अख्खी बाटली.

साहेबांचं मत – निष्काळजीपणा, कामावरून कमी करावं. निकाल सोमवारी. मला निवृत्तीला पाच महिने आहेत. हा हिशेब मी बैठकीतच केला, हेही लिहून ठेवते.

शुक्रवार, ८

नवरा जेवताना म्हणाला, "भाजी करपली. कुणाची ओळ सुटली?" स्वतःच हसला. मी ताट सरकवून उठले. "अगं, गंमत केली!" चौकशीचं तेवढं त्याला सांगितलं होतं, माझं काही माहीत नाही. कोरडी पोळी खाल्ली बिचाऱ्याने.

शनिवार, ९

तिला जिन्यात गाठलं. म्हटलं, "सोमवारी मी खरं सांगणार आहे."

"नका हो मॅडम! ओळ सुटली म्हणून फार तर इथली नोकरी जाईल. रिंगांचं निघालं तर फसवणूक म्हणतील. मग दुसरीकडेही कुणी दारात उभं करणार नाही."

"मग देतेस कशाला?" पुन्हा तोच आवाज! लाज वाटायला हवी होती.

"मला शिकवलं तसं करते. जुन्या बाईंनी खुर्ची सोपवताना तीन गोष्टी दिल्या – किल्ल्या, यादी आणि दोन रिंगा. फार पूर्वी कुणा पायलटबाईंचं मूल तापाने फणफणलेलं. त्यांनी गयावया केली, तेव्हापासून सुरू झालं म्हणे." आणि मलाच समजावल्यासारखं, "माणुसकीच आहे की, मॅडम."

खाली येऊन दुसऱ्याच कुणाच्या गाडीला किल्ली लावत बसले.

रविवार, १०

लेकीला फोन केला. तो मोठा ताप आठवतो का, विचारलं.

"आई, दोन वर्षांची होते मी! काय आठवणार? तुला बरं आहे ना?"

सोमवार, ११

चीफच्या हाती दिलं, साडेदहा वाजता:

निवेदन, दोन पानं. शेवटचा परिच्छेद – दोन रिंगांची पद्धत बावीस वर्षांपूर्वी माझ्या विनंतीवरून सुरू झाली. आत्ताची मुलगी फक्त शिकवलेलं करत होती.

मोबाइल, ११.४२ची नोंद उघडून.

ओळखपत्र. खांद्यावरच्या पट्ट्या, एक जोडी.

चीफनी दोनदा वाचलं. म्हणाले, "तिचं मी बघतो." पोच लिहिली, सही केली. मग टोपण लावता लावता विचारलं, "तेव्हा तुमच्याऐवजी कोण गेलं होतं?"

मी कधी विचारलंच नव्हतं.