आईच्या मानेला आता झटका नको

आप्पा,

तुम्ही त्या नस बसवणाऱ्याला आणायला धानोऱ्याला गेलात, तेवढ्यात मी आईला घेऊन सुरतला निघाले. त्याला दारातूनच परत पाठवा. 'नस चढेल शे' म्हणत तुम्ही दोनदा तिची मान त्याच्या हाती दिली. नस चढलेली नाही आप्पा, गाठ आहे, मानेत अगदी वर, मणक्याच्या आत. आणखी एक झटका बसला तर श्वासच थांबेल, असं डॉक्टर म्हणाले. ऑपरेशननंतर उजव्या हातात जोर येईल, याचीही खात्री ते देत नाहीत. तरी सही मी करणार.

आई निघायला तयारच नव्हती. आधी तुमच्या भाकरी टाकते, म्हणाली. परात झाकून ठेवली आहे. मला शिव्या द्यायच्या आधी ती उघडून बघा. पिठात फक्त डाव्या हाताची बोटं उमटली आहेत.

चारुलता